एल्विओची लाल वायर

एल्विओ मोरास्सीला घाबरट म्हणणारे आमच्या खोऱ्यात पुष्कळ आहेत, आणि तो ते नाकारत नाही. शेगडी साफ करायला घरात आला की तो आधी खिडक्या उघडायला लावतो, बाहेर उणे आठ असलं तरी. काम संपलं की मागचं झाकण लावण्याआधी घरच्या माणसाला गुडघ्यावर बसवतो, हातात बॅटरी देतो आणि विचारतो, "बघा, आत काही राहिलंय का?" शेगडीच्या पोटात काय असायला हवं आणि काय नको, हे त्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तो "नाही बुवा" म्हणून मोकळा होतो. मग एल्विओ स्वतः बघतो, झाकण लावतो, स्क्रू आवळतो आणि पाचातल्या एका वेळी सगळे स्क्रू काढून पुन्हा बघतो.

सात वर्षांपूर्वीपर्यंत तो असा नव्हता. तेव्हा उत्तर इटलीतल्या कार्नियाच्या या भागात सगळ्यात झटपट काम करणारा मिस्त्री म्हणून त्याचं नाव होतं.

मिस्त्री होण्याआधीची बावीस वर्षं तो खाली मैदानात खुर्च्यांच्या कारखान्यात होता. बीच लाकडाच्या मागच्या पायांना घासकाम करायचं, एवढंच काम. कारखाना बंद पडला तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याच सुमारास वरच्या गावांत घरोघरी पेलेटच्या शेगड्या येत होत्या. पोरं शहरात गेली, म्हाताऱ्यांना लाकडं फोडणं होईना. भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्यांचं पंधरा किलोचं पोतं मात्र ओढत आणता येतं. एल्विओनं दोन महिन्यांचा वर्ग केला, जुनी व्हॅन घेतली आणि धुराच्या नळ्यांत ब्रश फिरवायला लागला. जन्मभर लाकडाचा भुसा नाकात गेलेला माणूस. टाकीच्या तळाशी साचलेला चुरा तो चिमटीत चोळतो आणि सांगतो, "या वेळी तुम्हाला बीच म्हणून देवदार विकलाय."

त्याचं काम बघण्यासारखं असतं. जळणाची लोखंडी वाटी काढून तिची भोकं एकेक करून मोकळी करतो. राखेचा खण रिकामा करतो, पण राख गार झालीय का हे आधी हाताच्या पाठीनं चाचपून. धूर ओढणारा पंखा उतरवून त्याच्या पात्यांवरची काजळी खरवडतो. दाराच्या फटीत कागद धरून दार लावतो आणि कागद ओढतो. सुळकन निघाला तर दाराभोवतीची दोरी बदलायला झाली. काचेला मात्र तो कुठलंही औषध लावत नाही. ओला वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवतो आणि घासतो.

आणि एक काम असं होतं, जे या धंद्यातले सगळे करत आणि कुणी कबूल करत नसे. या शेगडीत एक कळ असते. धुराची नळी तुंबली की ती शेगडी बंद करते, दार उघडं राहिलं तरी बंद करते. पण कांड्या वाटीत नीट पडतात की नाही हे दार उघडं ठेवल्याशिवाय दिसत नाही. मग काय करायचं? मागचं झाकण काढायचं, दोन्ही टोकांना चिमटे असलेली वीतभर वायर त्या कळीच्या दोन दांड्यांना लावायची. शेगडीला वाटतं सगळं ठीक आहे. दोन मिनिटांत बघून होतं, वायर काढायची, झाकण लावायचं. एल्विओची वायर लाल होती.

त्या डिसेंबरात, मंगळवारी, पहिलं घर होतं सोराप्लानमधल्या ओनोरिनाबाईंचं. सोराप्लान म्हणजे खोऱ्याचं शेवटचं गाव. हिवाळ्यात तिथं अकरा माणसं राहतात. बाई त्र्याऐंशीच्या, एकट्या. पहाटेपासून जड, ओला बर्फ पडत होता.

"आलास?" त्या दारातच म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या दिवसांनाच उगवशील."

"ऑक्टोबरात बोलवायचं असतं, मावशी. तुम्ही शेगडी कुरकुरायला लागल्यावर फोन करता."

"माणूसही कुरकुरल्यावरच डॉक्टरकडे जातो. बूट पूस."

त्यानं काम उरकलं. मग घराच्या मागे जाऊन आला. बाईंच्या शेगडीची नळी छपराच्या वर गेलेली नाही. मागच्या भिंतीतून छातीएवढ्या उंचीवर बाहेर निघते. बाईंच्या दिवंगत नवऱ्यानं स्वतः बसवलेली.

"ही नळी वर न्यायला हवी," एल्विओ म्हणाला. "पत्र्यावरचा बर्फ घसरला की नेमका तिच्या तोंडावर पडतो."

"अकरा वर्षं झाली. कधी पडला नाही."

"पडलाय. तेव्हा शेगडी आपली आपण बंद झाली, आणि तुम्ही मला फोनवर शिव्या दिल्यात."

"त्या शिव्या शेगडीला होत्या. तू मधे होतास."

नंतर त्यानं वायर लावली आणि उघड्या दारातून कांड्या पडताना बघू लागला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे घरातला विस्तव बाहेरच्या माणसानं पेटवायचा नसतो. चूल होती तेव्हाही नाही, आता बटण आहे तरी नाही. साफसफाई झाली की मिस्त्री हात पुसून बाजूला होतो आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बटण दाबतं. त्याआधी मिस्त्रीनं बसून कॉफी घ्यायची, ग्रापा ही द्राक्षाची दारू घातलेली. ती गार होऊ देणं हा अपमान.

"कॉफी ओतलीय," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं, मावशी."

"दोन मिनिटांत ती कुत्र्याला द्यायच्या लायकीची होते. आणि ते उघडं ठेवू नकोस, मला ती आतडी बघवत नाहीत."

एल्विओनं मागचं झाकण तेवढ्यापुरतं टेकवलं, दोन स्क्रू फिरवले, पुढचं दार लावलं आणि टेबलाशी येऊन बसला. कॉफी झाली. बाई उठल्या, त्यांनी एप्रनला हात पुसले आणि बटण दाबलं. ज्वाळा चांगली आली, पिवळीजर्द, सरळ. एल्विओ ती बघत राहिला. आपलं काम नीट झालं की माणूस बघत राहतो तसा. मग त्यानं पेटी उचलली, "मांदी, मावशी" म्हटलं आणि निघाला.

दुसऱ्या घरी वायरीची गरज पडली नाही. तिसरं घर खाली, खोऱ्याच्या तोंडाशी, निवृत्त शिक्षिका लिवियाबाईंचं. तिथं त्यानं झाकण काढलं आणि न बघता पेटीच्या वरच्या कप्प्यात हात घातला. हाताला पाना लागला. पक्कड लागली. वायर नाही. त्यानं बघितलं. बारा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. लिवियाबाईंच्या भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोक्यावरच होतं.

त्यानं पेटी जमिनीवर उलटी केली. खिसे तपासले. व्हॅनमध्ये जाऊन आसनाखाली बघितलं. बर्फ आता पोटरीपर्यंत आला होता. परत येईपर्यंत त्याला सगळं कळलं होतं. वायर कुठं आहे, ती का राहिली, आणि ती तिथं असताना नळीच्या तोंडावर छपराचा बर्फ पडला तर काय होईल. शेगडी बंद होणार नाही. ती जळत राहील, हवा न मिळाल्यानं धुमसत राहील, आणि जे बाहेर जायचं ते दाराच्या, नळीच्या, टाकीच्या फटींतून खोलीत येईल. त्याला फारसा वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते. आणि ओनोरिनाबाई बारा वाजता जेवतात आणि जेवण झालं की शेगडीसमोरच्या खुर्चीत झोपतात. हे त्याला दहा वर्षं ठाऊक होतं.

त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. बाईंकडे मोबाइल नाही, आणि जेवणानंतर त्या घरच्या फोनची तार भिंतीतून उपटून ठेवतात, कारण त्याच वेळी कुठली तरी पोरगी वीज स्वस्त देते म्हणून फोन करते. हेही त्याला ठाऊक होतं. तार काढलेली असली तरी इकडे रिंग ऐकू येते. झोपलेल्या माणसाच्या घरी वाजते तशीच ती मेलेल्या माणसाच्या घरीही वाजते.

"काय झालं रे?" लिवियाबाईंनी विचारलं. "चेहरा पांढराफटक पडलाय."

"काही नाही. एक भाग विसरलो वरती. जाऊन येतो."

"या बर्फात? जेवून जा. बटाट्याचा फ्रिको केलाय."

तो निघाला होता.

या पुढची सहा मिनिटं एल्विओनं मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा मी न विचारता. तो गाडी चालवत होता आणि त्याला नीट समजत होतं की वर पोहोचायला आज तास लागेल. त्याला हेही समजत होतं की ओनोरिनाबाईंच्या घरापासून साठ पावलांवर जुस्तो राहतो आणि जुस्तोकडे फोन आहे. एक फोन. पण जुस्तोला सांगायचं म्हणजे काय सांगायचं ते सांगावं लागलं असतं. आणि जुस्तोला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत खोऱ्यातल्या प्रत्येक दारूच्या टेबलावर असतं. कळ बंद करून ठेवणारा मिस्त्री. कुणी घरात घेईल? बर्फ अजून घसरला नसेल, असं तो स्वतःशी म्हणाला. घसरला तरी बाजूला पडला असेल. मी पोहोचतो, वायर काढतो, कुणाला काही कळत नाही. 

बंद पडलेल्या पेट्रोलपंपाशी वळणावर एका गोठ्याचा पत्रा दिसतो. तो बघत असतानाच त्या पत्र्यावरचा सगळा बर्फ एका तुकड्यानं सुटला आणि खाली आला. आवाज पोतं टाकल्यासारखा झाला. एल्विओनं गाडी थांबवली. बारा चौपन्न, असं त्याच्या फोनमध्ये अजून आहे.

"कोण?" जुस्तो म्हणाला. तोंडात घास होता.

"एल्विओ, शेगडीवाला. काका, आत्ताच्या आत्ता ओनोरिनामावशीकडे जा."

"मी? तिच्या घरात?" जुस्तो हसला. "अरे, त्या कोंबड्यांच्या भानगडीपासून नऊ वर्षं झाली. ती मला अंगणात उभं करत नाही. तिनं बोलावलंय का?"

"नाही. काका, ऐका—"

"मग मी जात नाही. तिच्या हातात विळा असतो."

"माझ्या हातून चूक झालीय. तिच्या शेगडीत. गॅस झाला असेल खोलीत. दार उघडा, खिडक्या उघडा, तिला बाहेर ओढा. शेगडीचं बटण नको, भिंतीतला प्लग उपटा. आणि आत श्वास घेऊ नका."

पलीकडे घास गिळल्याचा आवाज आला.

"चूक केवढी?"

"मरण्याएवढी."

जुस्तोनं फोन ठेवला नाही, टाकला. टेबलावर आपटल्याचा आवाज, खुर्ची पडल्याचा, मग दार. मग रिकाम्या घरातलं घड्याळ ऐकू येत राहिलं. एल्विओनं तो फोन तोडून रुग्णवाहिकेला लावला आणि तिथंही तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही.

पुढं दरी अरुंद होते आणि फोन चालत नाही. तिथंच त्याला बर्फ सारणारा ट्रॅक्टर पुढे लागला. नारिंगी दिवा फिरतोय, ताशी पंधरा किलोमीटर, रस्ता एका गाडीचा. एल्विओनं हॉर्न वाजवला. ट्रॅक्टरवाल्यानं खिडकीतून हात काढून आकाशाकडे दाखवला: त्याला विचार. ओलांडायला जागा नव्हती, आणि ओलांडून पुढं जायला रस्ताही नव्हता. तो ट्रॅक्टर होता म्हणूनच रस्ता होता. अठ्ठावीस मिनिटं एल्विओ त्या दिव्याच्या मागे होता. तो म्हणतो की त्यानं प्रार्थना केली नाही, ओनोरिनाबाईंचा विचारही केला नाही. तो बारा अडतीस ते बारा चौपन्न यातली मिनिटं मोजत होता. पेटी उलटी केली ती, व्हॅन शोधली ती, फोन लावले ते, हे सगळं वजा करून गाडीतली सहा उरत होती. पुन्हा मोजलं तरी सहाच.

सोराप्लानमध्ये बाईंच्या घराची दारंखिडक्या सताड उघडी होती आणि पडदे बाहेर फडफडत होते. अंगणात बर्फावर स्वयंपाकघरातली खुर्ची. खुर्चीत दोन गोधड्यांचं गाठोडं. बाजूला जुस्तो, एका पायात बूट आणि एका पायात सपात.

एल्विओला गाडीतून उतरता येईना. पट्टा सुटत नव्हता; खरं तर तो पट्ट्याऐवजी दाराची कडी ओढत होता.

गाठोडं हललं आणि बाजूला वाकून ओकलं.

"दुसऱ्यांदा," जुस्तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "खिडकीतून हाक मारली, उठेना. नऊ वर्षांनी हाक मारतोय आणि बाई उठेना. मग आत गेलो. काच काळी ठिक्कर. हिला ओढली तर गाल लालेलाल, जशी लग्नात होती. मला वाटलं, संपली."

ओनोरिनाबाईंनी डोळे अर्धे उघडले. त्यांना बोलायला वेळ लागला.

"याला," त्या जुस्तोकडे न बघता म्हणाल्या, "घरात कुणी घेतलं?"

"मी, मावशी," एल्विओ म्हणाला.

रुग्णवाहिका वीस मिनिटांनी आली. तोंडावर ऑक्सिजन लावून त्यांना खाली नेलं. मग एल्विओ आत गेला. घर बर्फाइतकं गार झालं होतं. त्यानं झाकणाचे दोन स्क्रू काढले. लाल वायर होती तिथं होती, दोन्ही चिमटे घट्ट. मागे जाऊन बघितलं. छपरावरचा बर्फ कमरेपर्यंत साचला होता आणि नळीचं तोंड त्यात गाडलेलं होतं. तेवढ्या जागी बर्फ तपकिरी झाला होता. जुस्तो दारात उभा राहून सगळं बघत होता. एल्विओनं वायर त्याच्या हातात दिली.

"ही काय?"

"हीच. दाखवा सगळ्यांना."

जुस्तोनं दाखवली. त्या हिवाळ्यात एल्विओची साठ घरं सुटली. काहींनी फोन करून शिव्या दिल्या, बहुतेकांनी नुसते फोन उचलले नाहीत. धंद्यातल्या दोघातिघांनी मात्र त्याला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच रे, इतक्या पटकन होतं?" त्यांच्याही पेट्यांत तसल्या वायरी होत्या. आता आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. ओनोरिनाबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि सूपला नावं ठेवत होत्या. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"बस. उभा राहिलास की पाद्री वाटतोस."

तो बसला.

"डॉक्टर म्हणतो, अजून पंधरा-वीस मिनिटं आणि मला इथं आणायची गरज नव्हती." त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला कळल्याबरोबर तू फोन केलास ना?"

हो म्हणायचं त्यानं ठरवलं नव्हतं, नाही म्हणायचंही ठरवलं नव्हतं. "तुम्हाला लगेच केला. तुम्ही उचलला नाहीत. मग जुस्तोकाकांना करायला सहा मिनिटं लावली."

"का?"

"लोकांना कळेल म्हणून."

"म्हणजे घाबरलास."

"हो."

"माझ्यासाठी की स्वतःसाठी?"

"ती सहा मिनिटं स्वतःसाठी."

 शेजारच्या पलंगावरची बाई ऐकत नसल्याचं नाटक करत होती.

"ती नळी वर ने," ओनोरिनाबाई म्हणाल्या. "नवऱ्यानं लावलेली म्हणून ठेवली होती. शुक्रवारी मी घरी येणार."

"दुसऱ्या मिस्त्रीला सांगतो. मी—"

"दुसऱ्यावर मी डोळा कसा ठेवू? तू ने."

दोन दिवस एल्विओ त्या घरात होता. जुनी नळी काढली, नवी छपराच्या वर नेली, भिंतीतलं भोक बुजवलं. शेगडी सुटी करून प्रत्येक भाग धुतला, दाराची दोरी बदलली, कळ फुंकर घालून आणि मोजून तपासली. ओट्याच्या वर विषारी हवा आली की ओरडणारी डबी बसवली आणि ती ओरडते का हे बघितलं. जुस्तो शिडी धरायला आला. कुंपणाच्या आत येताना तो दोन्ही वेळा थांबून घराकडे बघायचा, बाई इस्पितळात आहेत हे माहीत असूनही.

शुक्रवारी दुपारी बाई आल्या. कोट न काढता त्या शेगडीसमोर आल्या आणि म्हणाल्या, "मागचं उघड." एल्विओनं उघडलं. त्या गुडघ्यावर बसल्या, बॅटरी घेतली आणि आतला एकेक कोपरा बघितला. काय बघतायत हे त्यांना कळत नव्हतं, पण त्या घाई करत नव्हत्या. मग त्याला हात देऊन उठल्या, त्यानं झाकण लावलं, आणि त्यांनी बटण दाबलं.  ज्वाळा आली तेव्हा दोघंही एक पाऊल मागे सरकले.

त्यांनी मक्याची पोलेंता गरम केली, थोडी खाल्ली. मग खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या.

"आज आतल्या खोलीत झोपा ना, मावशी."

"आतली खोली थंड आहे. आणि आज नाही झोपले तर इथं कधीच झोपणार नाही." त्या खुर्चीत बसल्या, गोधडी ओढून घेतली. "पण तू जायचं नाहीस. तिथं बस. आणि गप्प बस."

तो टेबलाशी बसला. बाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, तो आहे का बघितलं, पुन्हा मिटले. थोड्या वेळानं त्यांचं तोंड जरासं उघडं पडलं. एल्विओ गोधडीकडे बघत होता. ती वर यायची, खाली जायची. मधेच एखादा श्वास लांबायचा, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठायचा, आणि गोधडी पुन्हा वर आली की बसायचा. त्यानं काचेकडे बघितलं, डबीकडे बघितलं, पुन्हा गोधडीकडे. दोनदा उठून त्यानं खिडकी बोटभर उघडली.

ओनोरिनाबाई दुपारी दीड तास झोपतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.